ये आत, पाय पूस

नेडीनला त्या दिवशी सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. ओटा पुसून झाला, पुसलेला ओटा पुन्हा पुसून झाला, फ्रीजमधल्या बरण्या बाहेर काढून होत्या तशाच परत ठेवून झाल्या. तिची आई ओपल खिडकीशी इस्त्री करत होती. नेडीनचा काळा ड्रेस. उद्या कोर्टात नेडीनची साक्ष होती.

"अगं, टेक ना जरा," ओपल म्हणाली. "किती येरझारा घालशील? वीम्सवकिलांनी सगळं घोटून घेतलंय ना तुझ्याकडून? दोन प्रश्न, दोन उत्तरं. नाही आणि नाही. एवढं तर पोपटालासुद्धा जमेल."

"जमेल गं."

"मग झालं तर. तेवढं बोल आणि खाली उतर. त्याला एकदा सुई लागली की मी डोळे मिटायला मोकळी."

सुई म्हणजे मरणाची सुई. गावात आता सगळे तोच शब्द वापरत होते, दुकानात, केस कापताना, चर्चच्या पायऱ्यांवर. ओडेल लम्सडनला सुई मिळणार की जन्मठेप, एवढंच काय ते ठरायचं राहिलं होतं. त्याने नेडीनच्या धाकट्या भावाला, रॉइसला, तिच्याच बारमध्ये गोळी घालून मारलं होतं, आणि ते सतराजणांनी पाहिलं होतं. त्यात वाद कसला? वाद होता तो फक्त दाराचा.

नेडीन हॅस्क्यूचा बार गावाबाहेर, हायवेला लागून. पुढचं दार हायवेकडे तोंड करून, आणि हायवेच्या पलीकडे जरा वरच्या अंगाला बाप्टिस्टांचं नवं चर्च. आता पूर्व टेक्ससमधला बाप्टिस्ट माणूस दारू पीत नाही. म्हणजे पितो, पण पीत नाही. त्यामुळे पुढच्या दाराने यायचे ते फक्त वाटसरू ट्रकवाले. गावातला माणूस गाडी पाइनच्या झाडांमागे लावायचा, मागच्या अंगणातून चालत यायचा, स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारातून आत शिरायचा, आणि शेगडीपाशी उभ्या नेडीनला मान लववून बारमध्ये जायचा. दारावर पाटी होती: 'फक्त कामगारांसाठी'. ती नेडीननेच आरोग्य खात्याच्या माणसाला दाखवायला ठोकली होती. तो माणूससुद्धा नंतर त्याच दाराने यायला लागला, आता बोला!

आणि त्या दाराची आणखी एक रीत होती. कुणी भांडला, बाटली फेकली, तर रॉइस त्याची कॉलर धरून त्याला पुढच्या दाराने बाहेर काढायचा. मुद्दाम पुढच्याच. हायवेवर उभं राहून जगाला तोंड दाखव म्हणावं. मग तो माणूस आपल्या गाडीत जाऊन बसायचा, राग उतरला की बारला वळसा घालून मागच्या दाराशी यायचा. नेडीन म्हणायची, "ये आत, राजा. पाय पूस." की मिटलं. माफी मागायची नाही, मागायला लावायची नाही. कॉफीचा कप, कॉर्नब्रेडचा तुकडा, वर उसाची काकवी. तेवढं पोटात गेलं की तो पुन्हा बारमध्ये जाऊन बसायचा आणि रॉइस त्याच्यासमोर न बोलता ग्लास ठेवायचा. गावातला असा एक पुरुष नव्हता ज्याने कधी ना कधी ती काकवी खाल्ली नव्हती.

ही रीत नेडीनच्या डोक्यातून आलेली नव्हती. ती ओपलची. लहानपणी नेडीन-रॉइस भांडले की ओपल एकाला उचलून पुढच्या ओसरीवर काढायची आणि दार लावून घ्यायची. पोर रडून रडून थकलं की वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराशी यायचं, आणि ओपल मान वर न करता म्हणायची, "ये आत, पाय पूस." नेडीनने ते जसंच्या तसं बारमध्ये नेलं. ओपलला याचा पत्ताही नव्हता, कारण तिने मुलीच्या बारमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिच्यापुरती नेडीन 'खानावळ' चालवत होती.

तर त्या शुक्रवारी काय झालं, तर ओडेल लम्सडन लाकडं वाहायचा ट्रक लावून संध्याकाळी पिऊन बसला होता. त्याची बायको महिन्यापूर्वी त्याला सोडून ह्यूस्टनला गेली होती. रॉइसची जीभ सैल, हे नेडीनलाही कबूल. भाऊ असला म्हणून काय झालं! परक्या ट्रकवाल्यांसमोर तो म्हणाला, "ओडेल, लेका, वहिनीला ह्यूस्टनचा रस्ता तूच दाखवलास की काय? नाही, तुझ्या ट्रकमध्ये तर ती कधी चढली नाही!" सगळे खो खो हसले. ओडेलने बाटली भिरकावली, ती आरशावर बसली. रॉइसने त्याला कॉलरला धरून पुढच्या दाराने रस्त्यावर फेकला. नेहमीचंच. नेडीनने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि कॉफीचं भांडं शेगडीवर चढवलं.

थोड्या वेळाने जाळीच्या दारापलीकडे ओडेल दिसला. टोपी हातात, डोळे लाल.

नेडीन म्हणाली, "ये आत, राजा. पाय पूस."

त्याने पाय पुसले. खरंच पुसले, दोन्ही, नीट. तिने कप भरून त्याच्यासमोर ठेवला आणि कॉर्नब्रेड कापायला वळली. तेवढ्यात आतून रॉइसचा आवाज आला. तो ओडेलच्या पडण्याची नक्कल करून दाखवत होता आणि पुन्हा तसाच हशा उसळला. नेडीन सुरी हातात घेऊन वळली तर कप जागेवर आणि ओडेल नाही. मग गोळीचा आवाज. एकच.

जाकिटाच्या खिशात पिस्तूल होतं. तिकडे प्रत्येकाच्या ट्रकमध्ये सीटखाली एक असतंच, त्यात नवल नाही. पण ते सीटखालून काढून त्याने खिशात कधी टाकलं, का टाकलं, काकवी खायला आलेल्या माणसाला ते कशाला लागतं? नेडीनने हा विचार इतका केला होता की त्याच्या कडा झिजून गेल्या होत्या. मारायचं ठरवूनच आला होता का? की तो हशा ऐकून त्याचं डोकं फिरलं? तिला माहीत नव्हतं. ओडेलला तरी माहीत होतं का, देव जाणे.

पोलिसांना तिने सांगितलं, "स्वयंपाकघरातून आला." त्यांनी लिहून घेतलं. आपण त्याला काय म्हणालो ते कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. रॉइस जमिनीवर पडलेला असताना 'मी त्याला ये म्हणाले' हे शब्द कुणाच्या तोंडून निघतील?

मग सरकारी वकील कार्लटन वीम्स आले. गोड बोलणारा, गुळगुळीत दाढीचा माणूस. तिचा हात हातात घेऊन त्यांनी समजावलं: "हे बघा, नुसता खून केला तर जन्मठेप. पण बंद जागेत, मालकाच्या परवानगीशिवाय घुसून खून केला, तर मग आम्ही सुई मागू शकतो. त्या दारावर पाटी आहे, मिस नेडीन. मालक तुम्ही आहात. ते दार गिऱ्हाइकांसाठी नव्हतं आणि त्याला तुमची परवानगी नव्हती. एवढंच तुम्ही जूरीला सांगायचं."

तेव्हा रॉइसला पुरून आठवडा झाला होता आणि नेडीनच्या अंगाचा नुसता भडका उडालेला होता. ती म्हणाली, "सांगेन." मनापासून म्हणाली.

जूरी निवडली तेव्हा ती मागच्या बाकावर बसून बघत होती. वीम्सनी एकेकाला बारच्या पुढच्या दाराचा फोटो दाखवून विचारलं, "या दारातून तुम्ही कधी आत गेला आहात?" एकेकजण छातीवर हात ठेवून म्हणाला, "कधीच नाही, साहेब." खोटं कोण बोलत होतं? त्या दारातून त्यांच्यातला एकही कधी गेलेला नव्हता! चर्चचे डीकन हार्लन टिडवेल तर फोटो दोन बोटांत धरून असा बघत होते जणू त्यांना नरकाचं तिकीट दाखवलंय. हेच हार्लन टिडवेल दर गुरुवारी मागच्या दाराने यायचे आणि काकवी जास्त घाल म्हणायचे. त्यांनाच जूरीचं प्रमुख केलं. त्या दिवशी नेडीनच्या डोक्यात पहिल्यांदा तिडीक गेली, आणि ती ओडेलवरची नव्हती.

आणि आज सकाळी ओडेलची वकील आली होती, बेथ पेटवे म्हणून. सरकारने नेमून दिलेली, टाचा झिजलेले बूट, डोळ्यांखाली काळं. ओसरीवर उभं राहूनच तिने विचारलं, "ओडेल म्हणतो, तुम्ही त्याला आत बोलावलंत. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा का?"

नेडीनने तिच्या तोंडावर दार लावलं. तेव्हापासून तिचा जीव असा खालीवर होत होता.

रात्रीच्या जेवणाला ओपलने रॉइसच्या आवडीचा चवळीचा रस्सा केला होता. नेडीन तो नुसता ढवळत होती.

"आई," ती म्हणाली, "समज, तो... समज, कुणी त्याला दार उघडून दिलं असेल तर?"

ओपलचा चमचा थांबला. "कुणी?"

"समज म्हटलं."

"माझ्या पोराच्या मारेकऱ्याला ज्याने दार उघडलं, त्याचं तोंड मी मेल्यावरसुद्धा बघणार नाही," ओपल म्हणाली. "मीठ दे इकडे."

नेडीनने मीठ दिलं. त्या रात्री ती पलंगावर पडली नाही. कपडे न बदलता खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. ओडेलची दया तिला येत नव्हती, कणभरही नाही. तो जन्मभर कोठडीत सडावा असं तिला वाटत होतं आणि तसं वाटण्याची लाजही वाटत नव्हती. पण 'परवानगी नव्हती' म्हटलं की पुढचं काम सुईचं नाही, आपलं. खोटं बोलून माणूस मारायचा, तोही पाय पुसून आलेला. दुसऱ्या बाजूला आई. शहात्तर वर्षांची. नवरा गेला, मुलगा गेला, उरली एक मुलगी. त्या मुलीच्या तोंडून ती उद्या काय ऐकणार?

कोर्टात पंखे घरघरत होते. ओपल पहिल्या बाकावर पर्स मांडीवर उभी धरून बसली होती. ओडेल वकिलाशेजारी उसना सूट घालून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रडतोस कशाला मेल्या, नेडीनला वाटलं, रडायचं काम माझं आहे.

वीम्सनी दाराचा मोठा फोटो उभा केला. मागच्या दाराचा, पाटीसकट.

"मिस हॅस्क्यू, हे दार गिऱ्हाइकांसाठी होतं का?"

नेडीनने फोटोकडे बघितलं. जाळीला एका कोपऱ्यात रॉइसने तारेने शिवलेलं ठिगळ होतं.

"पाटी मी लावली," ती म्हणाली.

"म्हणजे नव्हतं."

"पाटी आरोग्य खात्यासाठी होती. दार सगळ्यांसाठी."

कोर्टात कुणीतरी खोकलं. वीम्सच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

"सगळ्यांसाठी म्हणजे? कामगार सोडून कोण येत होतं त्या दाराने? नाव घ्या एखादं!"

बारवालीचा एकच धर्म असतो, मागच्या दाराने आलेल्याचं नाव पुढच्या दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. नेडीनने इतकी वर्षं तो पाळला होता. ती म्हणाली, "नावं नका विचारू, साहेब. विचारलीत तर मी घेईन, शपथ घातलीय तुम्ही. पण पहिली दोन घ्यायला मला फार लांब बघावं लागणार नाही."

आणि ती जूरीकडे वळली. हार्लन टिडवेल आपल्या बुटांकडे बघत होते. त्यांच्या शेजारचा शाळेचा कोच छताकडे बघत होता. मागच्या बाकांवर एक बाई फिसकन हसली आणि तिच्या नवऱ्याने तिला कोपर मारलं. नाव विचारायचं वीम्सना एकदम काही गरजेचं वाटेना. ते बसले.

बेथ पेटवे उठली.

"मिस हॅस्क्यू, त्या संध्याकाळी ओडेल दाराशी आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"शेगडीपाशी."

"तुम्ही त्याला काही म्हणालात?"

नेडीनने आईकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिने बघितलं.

"म्हणाले. 'ये आत, राजा. पाय पूस.'"

ओपलने पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. बाकी चेहऱ्यावर काही हललं नाही.

वीम्स ताडकन उठले. "त्याच्या खिशात पिस्तूल आहे हे तुम्हाला माहीत असतं तर? तरीही 'ये' म्हणाला असता?"

"तर कॉफी त्याच्या तोंडावर ओतली असती, उकळती," नेडीन म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं, कोर्टात रडायचं नाही असं ठरवूनसुद्धा. "पण मला माहीत नव्हतं. तो खोटं काही बोलला नाही. मी ये म्हणाले, तो आला. टोपी काढून, पाय पुसून आला, साहेब, आणि मी त्याला कॉफी ओतून दिली. हे माझं मला वाहायचंय, तुम्ही त्याच्या गळ्यात घालू नका."

ती खाली उतरली तेव्हा ओपलची जागा रिकामी होती.

पुढचे दोन दिवस ओपल तिच्याशी एक शब्द बोलली नाही. पाद्रींच्या बायकोच्या गाडीतून कोर्टात जायची, त्यांच्याच गाडीतून परत यायची, आणि खोलीचं दार लावून घ्यायची. नेडीन घरभर फिरत राहायची. तिसऱ्या दिवशी जूरीने निकाल दिला: खून, पण घुसखोरी नाही. जन्मठेप. हार्लन टिडवेलनी तो वाचताना कागदावरून नजर उचलली नाही. ओडेलने एकदा नेडीनकडे बघितलं. तिने मान फिरवली. तुझ्यासाठी नाही केलं, हे त्याला कळलं तर कळलं.

ती घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. ओपल दिवाणखान्यात उभी होती, हॅट अजून डोक्यावर.

"रोज दोन घास करून घातले तुला," ओपल म्हणाली. "समोर बसून खात होतीस. आणि हे पोटात घेऊन बसली होतीस."

"आई, ऐक तर..."

"माझा रॉइस! त्याच्या मारेकऱ्याला कॉफी ओतलीस तू? राजा म्हणालीस?" ओपलने तिच्या दंडाला धरलं. त्या वाळक्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. तिने नेडीनला ओढत पुढच्या दारापर्यंत नेलं, ओसरीवर ढकललं आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

नेडीन, अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, काळ्या ड्रेसमध्ये ओसरीवर उभी राहिली. समोरून शेजाऱ्यांची गाडी गेली, तिचा वेग जरा कमी झाला, मग वाढला. तिला जायला जागा नव्हती. बारला कुलूप होतं, आणि त्या बारमध्ये तिला आता कधी झोपही लागणार नव्हती. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग पाय आपोआप निघाले, घराला वळसा घालून, पाण्याच्या नळावरून, मागच्या अंगणात.

स्वयंपाकघराचं आतलं दार उघडं होतं. जाळीचं दार लावलेलं, आणि त्याला आतून कडी. ही कडी नेडीनने आयुष्यात कधी घातलेली पाहिली नव्हती. जाळीपलीकडे टेबलाशी ओपल बसली होती. दिवा लावलेला नव्हता.

नेडीन पायरीवर उभी राहिली. दार वाजवावं असं तिला वाटेना. या दाराला कुणी वाजवलेलंच नव्हतं कधी.

"प्यायला का?" ओपलने आतून विचारलं.

"काय?"

"ती कॉफी. प्यायला का तो?"

"नाही. तशीच राहिली."

ओपलने डोक्यावरची हॅट काढून टेबलावर ठेवली. कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"पाय पुसले होते म्हणालीस."

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही, आई."

"रॉइस कधी नीट पुसायचा नाही," ओपल म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "शंभरदा सांगितलं तरी नाही. चिखल घेऊन यायचा मेला घरभर." ती टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली, मोठ्याने. कोर्टात नाही, पुरताना नाही, तशी रडली. नेडीनने दोन्ही हात जाळीवर टेकवले. पण मधे कडी होती.

रडणं थांबलं तेव्हा अंगणात अंधार झाला होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ओपल दारापाशी आली. जाळीतून दोघींची तोंडं जवळ आली, पण ओपलने तिच्याकडे बघितलं नाही. खट् करून तिने कडी काढली, दार मात्र ढकललं नाही. मग भिंतीचा आधार घेत ती आपल्या खोलीत निघून गेली.

'ये आत' असं ती म्हणाली नाही.

नेडीन वाट बघत राहिली. खोलीचं दार लागलं. पलंग करकरला. मग तिने स्वतःच जाळीचं दार ओढलं, आणि उंबऱ्यावर उभी राहून पाय पुसले. आधी एक, मग दुसरा.